येरझार मोजून ‘जी’ काढणे: लंबकाचा तासाभराचा कार्यक्रम कसा बसवावा

वाचनालयात किंवा गणपतीच्या मांडवात विज्ञानावर बोलायला बोलावलं की वक्ते हमखास कृष्णविवर घेऊन जातात. त्यात लोकांनी करण्यासारखं काही नसतं, मान डोलवायची आणि टाळ्या वाजवायच्या. लंबकाचं तसं नाही. दोरी, ओळंबा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढ्या सामानावर तीस-चाळीस माणसं तासाभरात पृथ्वीच्या ओढीचं माप, म्हणजेच ‘जी’, स्वतः काढतात, आणि ते साधारण एक टक्क्याच्या आत बरोबर येतं. वाटेत वर्गाचं प्रमाण, वर्तुळाचा पाय (π), मध्यक आणि मोजमापातली चूक एवढं गणित येऊन जातं, तेही अडलं म्हणून.

पथ्य एकच: शेवटची पंधरा-वीस मिनिटं उरेपर्यंत फळ्यावर सूत्र लिहायचं नाही. सूत्र आधी दिसलं की अर्धी सभा मनाने दहावीच्या परीक्षेला जाऊन बसते, आणि उरलेली अर्धी ‘उत्तर काय यायला पाहिजे’ ते बघून मोजायला लागते.

सामान आणि टांगणी

वजनासाठी गवंड्याचा ओळंबा घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, लोखंडी किंवा पितळी. ३०० ग्रॅमच्या आसपासचा चांगला. आकार आटोपशीर आणि वजन भरपूर, त्यामुळे हवेचा अडथळा फारसा जाणवत नाही आणि शंभर येरझाराही निभतात. ओळंब्याऐवजी कुलूप, चेंडू, पाण्याची बाटली असे पर्याय सुचवले जातात. कुलूप झुलताना स्वतःभोवती फिरतं. अर्धी भरलेली बाटली तर सगळ्यांत वाईट, कारण आतलं पाणी हिंदकळत राहतं.

पिळाची सुतळी टाळा. पीळ सुटताना ओळंबा भोवऱ्यासारखा गरगरतो. गवंडी आखणीला वापरतात ती विणलेली नायलॉनची लाइनदोरी घ्या. रंग भडक असल्याने मागच्या रांगेपर्यंत दिसते. तंगूस ताकदीला पुरते, पण लांबून दिसत नाही. ओळंबा हवेत तरंगल्यासारखा वाटतो आणि लोक लंबक सोडून तीच गंमत बघत बसतात. नायलॉन भाराखाली थोडं ताणलं जातं. म्हणून ओळंबा टांगून पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि मगच लांबी मोजा.

बिघडतं ते बहुधा टांगणीत. खिळ्याला गाठ मारून लंबक टांगू नका. तो डावीकडे गेला की दोरी खिळ्याच्या एका अंगाला टेकते, उजवीकडे गेला की दुसऱ्या, आणि गाठ सैल असेल तर सरकतेही. मग लांबी नेमकी कुठून धरायची हेच ठरत नाही. त्यापेक्षा जुन्या लाकडी पट्टीचे दोन तुकडे घ्या, दोरी त्यांच्या मधोमध धरा, दोन्ही तुकड्यांच्या खालच्या कडा एका पातळीत आणा आणि सी क्लॅम्पने हे सगळं घडीच्या शिडीच्या वरच्या पायरीला आवळा. दोरी त्या कडांतून जिथे बाहेर पडते तोच टांगणबिंदू. खिडकीचे भक्कम गज असतील तर शिडीचीही गरज नाही.

शिडी डुलत असेल तर आकडा बिघडतो, आणि ते डुलणं डोळ्यांना दिसत नाही. वरच्या पायरीवर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवा आणि लंबक सोडा. येरझारेच्या ठेक्यावर पाण्यात तरंग उठले, तर शिडी लंबकाबरोबर झुलतेय. खालच्या पायऱ्यांवर विटा रचा, पायांखाली पुठ्ठ्याच्या पाचरी घाला आणि पाणी स्थिर राहीपर्यंत हे करत राहा. कार्यक्रमाच्या वेळीही वाटी तिथेच राहू द्या. कोणीतरी ती कशाला म्हणून विचारतंच.

आता लांबी. ती टांगणबिंदूपासून ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत धरायची. टोकापर्यंत किंवा कडीपर्यंत धरलेली लांबी चालणार नाही. गुरुत्वमध्य शोधायला ओळंबा पट्टीच्या धारेवर आडवा तोला. जिथे तोल साधतो तिथे मार्करने गोल रेघ मारा. खाली निमुळता असल्याने हा बिंदू उंचीच्या मध्यापेक्षा वर येतो. लोखंडी टेपने मोजून टांगणबिंदू ते रेघ हे अंतर नेमकं १०० सेंमी करा. शिवणकामाची कापडी टेप नको, जुनी झाली की ती ताणलेली असते. ओळंब्याच्या मागे पुठ्ठा उभा करा आणि तो स्थिर असताना दोरीच्या मागे जाड उभी रेघ ओढा.

दुसरा सुटा लंबक, दोन सारख्या प्लास्टिकच्या डब्या (एकीत वाळू, दुसरीत चुरमुरे, दोन्ही गच्च भरलेल्या), ८ मिमीचे दहा नट, चार-पाच मीटर दोरा, एक जर्मनचं ताट, एक टॉर्च आणि उदबत्ती एवढं जोडीला लागेल.

आधी हात वर

सुरुवात झोपाळ्याने करा, तो सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तीन प्रश्न विचारा आणि प्रत्येकाला हात वर करायला लावून संख्या फळ्यावर लिहा. झोपाळ्यावर आजोबा बसले किंवा नातू बसला, तर कोणाची फेरी लवकर पूर्ण होईल? झोका मोठा घेतला तर एका फेरीला वेळ जास्त लागेल, कमी की तेवढाच? आणि दोऱ्या चौपट लांब केल्या तर वेळ किती पट?

तिसऱ्या प्रश्नाला बहुसंख्य हात ‘चौपट’लाच वर होतात. इथे ‘बरोबर’, ‘चूक’ असं काही म्हणू नका, चेहऱ्यावरही दाखवू नका. ज्याने हात वर केलाय तो पुढचा तासभर आपली बाजू जिंकते का हे बघायला थांबतो.

मोजणी सुरू करण्याआधी शब्द पक्का करा. ‘हेलकावा’, ‘झोका’, ‘फेरी’ यांतल्या कशाचाही अर्थ सगळ्यांना सारखा लागत नाही. कोणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरतं, कोणी जाऊन परत येईपर्यंत. पाठ्यपुस्तकातला ‘दोलन’ बिनचूक आहे, पण परका वाटतो. ‘येरझार’ म्हणा. जाऊन-येऊन एक, यावर वाद होत नाही. एका येरझारेला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाल, हे नंतर सांगितलं तरी चालतं.

वीस येरझारा

ओळंबा साधारण १५ सेंमी बाजूला ओढा. वीतभरापेक्षा जास्त नको, कारण पुढे कळेल. हाताने सोडताना बोटांचा धक्का लागतो आणि ओळंबा सरळ जाण्याऐवजी लंबगोल फिरायला लागतो. त्यावर सोपा उपाय: ओळंब्याला सुती दोऱ्याने मागच्या खुर्चीला बांधून ताणून ठेवा, तो पूर्ण थांबू द्या, मग दोऱ्याला उदबत्ती टेकवा. दोरा जळतो आणि ओळंबा धक्क्याविना सुटतो. सभागृहात तेवढ्यापुरती शांतता पसरते, हाही फायदाच.

पहिल्या दोन-तीन येरझारा सोडून द्या. घड्याळ सुरू करायचं ते ओळंबा पुठ्ठ्यावरच्या रेघेसमोरून जाताना. टोकाला असताना नाही. टोकाला तो क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे तो नेमका कधी वळला ते सांगता येत नाही. खाली त्याचा वेग सर्वाधिक असतो, म्हणून रेघ ओलांडण्याचा क्षण स्पष्ट दिसतो. सगळ्यांनी एकाच दिशेने जातानाचा क्षण धरायचा. बटण दाबताना तोंडाने ‘शून्य’ म्हणायचं, तो त्याच दिशेने पुन्हा रेघेवर आला की ‘एक’, आणि ‘वीस’ला बंद.

पहिल्या खेपेला मात्र ‘शून्य’ची सूचना मुद्दाम देऊ नका. ‘वीस येरझारा मोजा’ एवढंच सांगा. प्रत्येकाने आपला आकडा पुढे येऊन फळ्यावरच्या आडव्या रेषेवर ठिपका म्हणून मांडायचा. रेषेवर ३७ ते ४४ सेकंद आधीच आखून ठेवा.

ठिपके जे चित्र काढतात ते या कार्यक्रमातलं सगळ्यांत मोलाचं. ४०.२ च्या आसपास मोठा पुंजका, ४०.० ते ४०.५ असा पसरलेला. त्याखेरीज ३८.२ जवळ एक लहान पुंजका. कधीकधी ४२.२ जवळही दोन-तीन ठिपके. मधल्या जागा जवळजवळ रिकाम्या. कोणीतरी म्हणेल, ‘ते चुकलेत, पुसून टाका.’ पुसू नका. हे तीन पुंजके बरोबर दोन-दोन सेकंदांवरच का पडले, असा प्रश्न टाका आणि गप्प राहा.

मिनिटभरात उत्तर येतं. एका येरझारेला साधारण दोन सेकंद लागतात. ३८.२ वाल्यांनी घड्याळ सुरू करतानाच ‘एक’ म्हटलं, म्हणजे प्रत्यक्षात एकोणीसच मोजल्या. ४२.२ वाल्यांनी एक जास्त मोजली. म्हणजे चुका दोन जातींच्या: पुंजक्याच्या आतला दशांश सेकंदांचा पसारा हा बोटांचा, तो कोणालाच टळत नाही, पुंजक्यांमधलं दोन सेकंदांचं अंतर हे मोजणीच्या चुकीचं, आणि ते सापडतं. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढे समजवायला काही उरत नाही.

इथेच सरासरी आणि मध्यक यांचा निवाडा करून घ्या. सगळे ठिपके चढत्या क्रमाने लावून मधोमधचा घेतला, तर चार-पाच जण एकोणिसावर थांबले असले तरी उत्तर जागचं फारसं हलत नाही. सरासरी मात्र त्यांच्या बाजूला ओढली जाते. दोन्ही काढून दाखवा.

वीसच का? एकच येरझार मोजली तर दोन सेकंदांत बोटाची ०.२ सेकंदाची चूक, म्हणजे दहा टक्के. वीस मोजल्या तरी बोटाची चूक तेवढीच राहते, पण आता ती चाळीस सेकंदांत वाटली जाते: अर्धा टक्का.

मतदानाचा निकाल

आता ‘शून्य’ची सूचना द्या आणि तीन प्रश्न एकेक करून सोडवा.

वजनासाठी वाळूची आणि चुरमुऱ्यांची डबी पाळीपाळीने टांगा, मध्यापर्यंतची लांबी तीच १०० सेंमी. दोन्हींचे वीस येरझारांचे वेळ बोटाच्या चुकीच्या आत सारखे येतात. चुरमुऱ्यांची डबी हवेमुळे लवकर मंदावते आणि तिचा झोका भराभर लहान होतो. लोक म्हणतात, ‘बघा, हळू झाली.’ झोका लहान झाला, येरझारेचा वेळ बदलला नाही, हे दोन वेगळे मुद्दे इथे सुटे करावे लागतात.

झोक्यासाठी एकदा ८ सेंमी ओढून आणि एकदा १६ सेंमी ओढून मोजा. दोन्हीकडे ४०.२. मग ५० सेंमी ओढा, म्हणजे बरोबर ३० अंश. आता अर्धा-पाऊण सेकंद जास्त लागतो. ‘दोलनकाल झोक्यावर अवलंबून नसतो’ असं ठोकून देणाऱ्या वक्त्याची इथे पंचाईत होते, म्हणून नियम पहिल्यापासूनच ‘लहान झोक्यापुरता’ म्हणून सांगा. १० अंशांना फरक हजारात दोन इतकाच असतो, ३० अंशांना पावणेदोन टक्के होतो.

लांबीसाठी दोरी २५ सेंमी करा. वीस येरझारांना २०.१ सेकंद लागतात, म्हणजे निम्मा वेळ. लांबी चौपट तर वेळ दुप्पट. ‘चौपट’वाले हरले. जिन्याच्या मोकळ्या खोबणीत ४ मीटरचा लंबक सोडता आला तर त्याच्या दहा येरझारांना ४०.२ सेकंद लागलेले दिसतील. हे आधी सांगून मग मोजलं तर जास्त रंगत येते.

का, हे सूत्राशिवाय

वजनाचं कारण सांगताना ‘जडत्व’ शब्दाची घाई नको. दोन सारखे ओळंबे शेजारी शेजारी, एकाच लांबीचे, एकत्र सोडा. ते जोडीने झुलतात. आता विचारा: यांना मधे एक दोरा बांधला तर काही बदलेल का? दोघं बरोबरीनेच चालले असतील तर दोरा कोणालाच ओढणार नाही. पण दोऱ्याने बांधलेले दोन ओळंबे म्हणजे दुप्पट वजनाचा एक. गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूंबद्दल याच धाटणीचा युक्तिवाद केला होता.

झोक्याचं कारण: दुप्पट दूर ओढलं की वाट दुप्पट होते, पण परत खेचणारी ओढही दुप्पट होते, म्हणून वेळ तोच राहतो. हे लहान कोनाला खरं. ३० अंशांवरून ६० अंशांवर गेलो की ओढ दुप्पट न होता पावणेदोनपटीच्या जवळपास राहते, त्यामुळे मोठा झोका मागे पडतो.

लांबीचं कारण सगळ्यांत सुंदर आहे, पण त्याआधी एक गोष्ट हातात हवी: पडणारी वस्तू दुप्पट वेळात चौपट अंतर पडते. ती कानांनी ऐकवा. दोऱ्याला पाच नट बांधा. पहिल्यापासून बाकीचे १२, ४८, १०८ आणि १९२ सेंमी अंतरावर. जर्मनचं ताट जमिनीवर पालथं घाला. खुर्चीवर उभं राहून दोरा असा धरा की पहिला नट ताटाला जेमतेम टेकेल, आणि सोडून द्या. टक-टक-टक-टक, चारही ठोके सारख्या अंतराने पडतात. आता उरलेले पाच नट ०, ४८, ९६, १४४, १९२ असे सारख्या अंतरावर बांधलेला दुसरा दोरा सोडा. ठोके एकमेकांच्या अंगावर येतात. १२ चे १, ४, ९, १६ हे पट फळ्यावर लिहा. एक, दोन, तीन, चार यांचे वर्ग. खुर्ची डगमगती नको, आणि नटांच्या गाठी पक्क्या मारा.

आता फळ्यावर २५ सेंमीचा लंबक काढा, शेजारी १०० सेंमीचा, दोन्ही एकाच कोनात कललेले. मोठा म्हणजे लहानाचाच चौपट मोठा केलेला फोटो. मोठं केल्याने उतार बदलत नाही, चढाचा कोन तोच राहतो, म्हणून त्या त्या जागी वेग वाढण्याचा दरही तोच. फक्त वाट चौपट. तोच दर आणि चौपट वाट, मग नटांनी सांगितल्याप्रमाणे वेळ दुप्पट. कोन सारखा हवा, ओढलेलं अंतर सारखं नव्हे, हे चित्रावर बोट ठेवून दाखवा. एवढ्यावर वर्गमूळ कुठून आलं ते कळतं आणि कलनाला (कॅल्क्युलसला) हातही लावावा लागत नाही.

पाय कुठून आला

सरळ रेषेत येरझारा घालणाऱ्या ओळंब्यात वर्तुळाचा पाय कसा शिरला, हा प्रश्न शंभरात एखादाच विचारतो. कोणी विचारला नाही तर आपणच विचारावा.

ओळंबा १० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात फिरवून सोडा आणि वीस प्रदक्षिणा मोजा. ४०.१ सेकंद, म्हणजे येरझारांइतकाच वेळ. आता दिवे मालवा आणि ओळंब्याच्या उंचीवर, दोन-तीन मीटर लांबून टॉर्च मारा. भिंतीवर त्याची सावली डावी-उजवी करताना दिसते, अगदी लंबकासारखी. वर्तुळातली प्रदक्षिणा बाजूने बघितली की येरझार दिसते. प्रदक्षिणेची वाट म्हणजे परीघ, २ × पाय × त्रिज्या. पाय तिथून आला.

श्रोत्यांत अकरावी-बारावीची मुलं असतील तर दोन ओळी पुढे जा. लहान वर्तुळात केंद्राकडची ओढ ‘जी’ × त्रिज्या ÷ लांबी, हे समरूप त्रिकोणांवरून निघतं. वर्तुळात फिरत राहायला वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या एवढी ओढ लागते. दोन्ही सारखी ठेवली की वेग = त्रिज्या × √(जी ÷ लांबी). परिघाला वेगाने भागलं की त्रिज्या उडून जाते आणि उरतं:

वेळ = २ × पाय × √(लांबी ÷ जी)

‘वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या’ हे इथे सिद्ध करत बसू नका. ‘एवढं एक माझ्या शब्दावर माना’ असं उघड म्हणा. लपवून पुढे सरकलेली पायरी लोकांना जाणवते आणि मग आधीच्या सिद्ध केलेल्या पायऱ्यांवरचाही विश्वास जातो.

आकडा आणि त्याची लायकी

सूत्र उलटवलं की जी = ४ × पाय × पाय × लांबी ÷ (वेळ × वेळ). ४ × पाय × पाय म्हणजे ३९.४८. मध्यक ४०.२ आला असेल तर एका येरझारेचा वेळ २.०१, त्याचा वर्ग ४.०४, लांबी १ मीटर. उत्तर ९.७७. अर्थ असा की मोकळी पडणारी वस्तू दर सेकंदाला आपल्या वेगात सेकंदाला ९.७७ मीटरची भर घालते.

लगेच कोणीतरी म्हणतं, ‘पुस्तकात ९.८ आहे, मग चुकलंच की.’ आधी आपल्या आकड्याची लायकी मांडा. वेळेत अर्धा टक्का चूक धरली तर वेळेचा वर्ग असल्याने उत्तरात एक टक्का, म्हणजे ०.१. लांबीत २ मिमीची चूक आणखी ०.०२ ची भर घालते. म्हणजे ९.७७, ०.१ इकडेतिकडे. पुस्तकाचा आकडा त्यात बसतो.

पण गंमत पुढे आहे. मुंबई-पुण्याचा खरा आकडाच ९.७८ च्या आसपास आहे. विषुववृत्ताशी ९.७८, ध्रुवाशी ९.८३; पृथ्वी फिरते आणि कमरेशी थोडी फुगलेली आहे म्हणून. हा फरक पहिल्यांदा हाती लागला तोही लंबकानेच. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलनिरीक्षक ज्याँ रिशेर पॅरिसला लावलेलं लंबकाचं घड्याळ घेऊन विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला आणि ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याला लंबक आखूड करावा लागला. पुढे १७९० मध्ये फ्रान्समध्ये लांबीचं एकक ठरवताना टोकापासून टोकापर्यंत जायला एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची लांबीच प्रमाण धरावी, असा प्रस्ताव होता. पण ती जागेप्रमाणे बदलते. १७९१ मध्ये तो मागे पडला आणि विषुववृत्त ते ध्रुव या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर असं ठरलं. तरी योगायोगाने दोन्ही लांबी जवळपास सारख्याच निघाल्या. आपल्या १०० सेंमीच्या लंबकाला जवळजवळ नेमके दोन सेकंद लागतात आणि पायचा वर्ग ‘जी’च्या इतका जवळ येतो, तो त्यामुळेच.

९.७८ आणि ९.८१ यांतला फरक आपल्याला पकडायचा असेल तर शंभर येरझारा मोजाव्या लागतील आणि लांबी १ मिमीच्या आत हवी. तेव्हाही निकाल काठावरचाच येतो.

उत्तर विचित्र आलं तर

उत्तरावरूनच चूक ओळखता येते, म्हणून हे आकडे जवळ लिहून ठेवा.

३९ च्या आसपास: येरझारेऐवजी एकेरी हेलकावे मोजले, वेळ निम्मा, उत्तर चौपट.
१०.८: ‘एक’पासून मोजणी सुरू केली.
८.९: एकवीस मोजल्या.
९.३: लांबी ओळंब्याच्या कडीपर्यंतच धरली, साधारण ५ सेंमी कमी.
१०.३: टोकापर्यंत धरली, ५ सेंमी जास्त.
९.४ ते ९.५: झोका फार मोठा होता, किंवा टांगणी डुलत होती. आधी वाटीतलं पाणी बघा.
९७७: लांबी सेंटिमीटरमध्येच घातली. यात चूक काही नाही, एकक तेवढं सेंटिमीटरचं लिहा.

हमखास येणारे प्रश्न

झोपाळ्यावर उभं राहिलं तर? वजन तेच, पण गुरुत्वमध्य वर गेला, म्हणजे लंबक आखूड झाला आणि येरझार लवकर संपते. आजोबा आणि नातू यांच्यातही थोडा फरक पडतो तो उंचीमुळे. बसलेल्या आजोबांचा गुरुत्वमध्य पाटापासून जास्त वर असतो, म्हणून त्यांची येरझार किंचित लवकर होते. पहिल्या मतदानात ‘आजोबा’ म्हणणाऱ्यांना एवढं समाधान द्यायला हरकत नाही.

चंद्रावर? तिथे ‘जी’ १.६२. हाच लंबक एका येरझारेला ४.९ सेकंद घेईल.

लंबकावरून पृथ्वी फिरते हे कळतं म्हणे? हो. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेवर २८ किलोचा गोळा टांगून दाखवलं. झुलण्याची दिशा हळूहळू वळत जाते. पुण्याच्या अक्षांशावर पूर्ण वळसा पडायला सुमारे ७५ तास लागतात. आपला एक मीटरचा लंबक पाचच मिनिटांत दिशा बदलताना दिसला, तर ते श्रेय पृथ्वीला देऊ नका. टांगणी एका बाजूला सैल आहे किंवा सोडताना धक्का बसलाय.

जुनं लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे का पडतं? पोलादी दांडी मीटरमागे दर अंशाला ०.०१२ मिमी वाढते. जानेवारीपेक्षा मे महिन्यात घर १५ अंशांनी तापलं तर ०.१८ मिमी, आणि घड्याळ दिवसाला जवळपास ८ सेकंद मागे. ज्यांच्या घरी असं घड्याळ अजून चालतंय ते हा हिशेब ऐकून लंबकाखालच्या चकतीबद्दल विचारतात. ती फिरवून वर चढवली की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे जाऊ लागतं. खाली सोडली की मागे.